घर विकलें म्हणजे काय काय विकलें?

घराचा सौदा हा मध्यम स्थितींतील माणसाच्या आयुष्यांतला बहुधा सर्वांत मोठा व्यवहार असतो. त्यासाठीं तो वर्षानुवर्षें काटकसर करतो, कर्ज काढतो, वकिलाकडून जुने दस्तऐवज तपासून घेतो आणि जागेचें क्षेत्रफळ फुटाफुटानें मोजून पाहतो. इतक्या दक्षतेनें केलेल्या या व्यवहाराचा शेवट मात्र पुष्कळदां एखाद्या पंख्यावरून, गीझरवरून किंवा झोपाळ्याच्या कड्यांवरून झालेल्या कडाक्याच्या भांडणांत होतो. ताब्याच्या दिवशीं नवा मालक उत्साहानें कुलूप उघडतो, आणि छतापासून उघड्या तारा लोंबत आहेत, स्वयंपाकघरांतील कपाटांच्या जागीं भिंतीला नुसतीं भोंकें उरलीं आहेत, असें दृश्य त्याच्या नजरेस पडतें. त्याला वाटतें, आपण फसलों. जुन्या मालकाला विचारावें, तर तो तितक्याच प्रामाणिकपणें म्हणतो, "मीं घर विकलें आहे, घरांतलें सामान विकलेलें नाहीं."

या दोघांपैकीं खोटें कोण बोलतो? बहुतेक वेळां कोणीच नाहीं. ‘घर’ हा शब्द दोघांनींही उच्चारला. त्याचा अर्थ मात्र प्रत्येकानें आपापल्या मनांत निराळा धरला. जें डोळ्यांनीं पाहिलें तें घर, अशी घेणाऱ्याची समजूत. जें आपल्या कमाईनें एकेक करून आणून बसविलें तें आपलें सामान, अशी देणाऱ्याची समजूत. कायदा या प्रश्नाकडे कसा पाहतो, आणि कायद्याच्या दारापर्यंत जाण्याची वेळच येऊं नये म्हणून काय करावें, या दोन गोष्टींचा आज विचार करूं.

साठ लाखांच्या घरापुढें तीन हजारांच्या पंख्याची ती काय कथा, असें कोणी म्हणेल. परंतु घर घेणाऱ्यानें शेवटचा रुपया त्या साठ लाखांत घातलेला असतो. कपाटें, दिवे, पंखे, गीझर, खिडक्यांच्या जाळ्या हें सर्व नव्यानें करावयाचें म्हटलें, तर लाख-दोन लाखांचा खड्डा पडतो, आणि तो भरण्यास त्याच्यापाशीं कांहीं उरलेलें नसतें. शिवाय खरेदीखत नोंदलें म्हणून जुन्या व नव्या मालकाचा संबंध त्याच दिवशीं तुटत नाहीं. गृहनिर्माण संस्थेच्या दप्तरीं भाग प्रमाणपत्र नव्या नांवावर चढवावयाचें असतें, विजेचें खातें बदलावयाचें असतें, एखादा जुना कागद मागून घ्यावयाचा असतो. एका पंख्यासाठीं ज्याच्याशीं वैर धरलें, त्याच्याच सहीसाठीं पुन्हां त्याचें दार ठोठवावें लागतें.

आतां कायदा पाहूं. मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा १८८२ सालचा आहे. आपल्या मुंबई इलाख्यास तो १८९३ च्या जानेवारीपासून लागू झाला, आणि आजही घरांचे व्यवहार त्याच्याच आधारें होतात. त्याच्या ८ व्या कलमांत असें सांगितलें आहे कीं, घराचें हस्तांतर झालें म्हणजे त्याबरोबर त्याचीं कुलुपें, किल्ल्या, अडसर, दारें, खिडक्या आणि घराच्या कायमच्या उपयोगासाठीं ठेवलेल्या इतर सर्व वस्तूही घेणाऱ्याकडे जातात. या यादींतील किल्लीकडे विशेष लक्ष द्यावें. किल्ली भिंतीला जडविलेली नसते. ती खिशांत घालून कोणीही चालता होऊं शकतो. तरी ती घराबरोबर जाते, कारण किल्लीवांचून कुलूप व्यर्थ आणि कुलुपावांचून दार व्यर्थ. तेव्हां वस्तु पक्की बसविलेली आहे कीं सुटी आहे, एवढ्याच एका कसोटीवर कायदा अवलंबून राहत नाहीं.

त्याच कायद्याच्या ३ ऱ्या कलमांत ‘भूमीस संलग्न’ या शब्दांचा अर्थ दिला आहे. संलग्न वस्तू तीन प्रकारच्या. एक, मुळानें रुजलेल्या, म्हणजे झाडेंझुडपें. दोन, जमिनींत रोवलेल्या, म्हणजे भिंती आणि इमारती. तीन, अशा रोवलेल्या वस्तूंना त्यांच्या कायमच्या हितकर उपभोगासाठीं जोडलेल्या. आपलीं भांडणें बहुतेक या तिसऱ्या प्रकारांतच जन्मास येतात. वस्तु जोडलेली आहे हें तर दिसतेंच. ती कशासाठीं जोडली, हा खरा प्रश्न.

या ‘कशासाठीं’चें विवेचन इंग्लंडांतील न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनीं १८७२ सालच्या एका निकालांत केलें, आणि आपल्याकडील न्यायालयेंही त्याचा आधार घेत आलीं आहेत. लोकरी कापडाच्या एका गिरणीचा मालक कर्जांत बुडाला होता. गिरणी गहाण होती. आंतील माग खिळ्यांनीं फरशीस ठोकलेले होते. खिळे उपटले कीं माग सुटे होत. ते माग गिरणी गहाण घेणाऱ्याचे, कीं इतर सावकारांचे, असा तंटा होता. न्यायालयानें ते गिरणीचेच भाग ठरविले, कारण ती इमारत गिरणी म्हणून चालावी यासाठींच ते बसविलेले होते. या निकालांत दगडांचें एक उदाहरण दिलें आहे. दगडावर दगड रचून, चुना न लावतां, शेताची गडगी घातली तर ती जमिनीचा भाग होते. तेच दगड तशाच रीतीनें पाथरवटाच्या आवारांत सोयीसाठीं रचून ठेवले, तर ते जंगम सामानच राहतात. दगड तेच, रचना तीच. हेतु मात्र निराळा.

म्हणजे प्रश्न दोन झाले. वस्तु किती घट्ट बसविली आहे? आणि ती घराच्या सोयीसाठीं बसविली आहे, कीं त्या वस्तूचाच उपभोग नीट घेतां यावा म्हणून? इंग्लंडांतील आणखी दोन निकाल शेजारीं शेजारीं ठेवले कीं ही दुसरी कसोटी स्पष्ट होते. १८६६ सालीं एका मोठ्या वाड्याच्या बागेंतील दगडी सिंह, कलश आणि आसनें केवळ आपल्या भारानें जमिनीवर टेकलेलीं असूनही वाड्याचा भाग ठरलीं, कारण सर्व वास्तूची रचनाच त्यांना धरून केलेली होती. उलट १९०२ सालीं भिंतीवर लांकडी पट्ट्यांना खिळ्यांनीं ताणून बसविलेले मूल्यवान् चित्रपट घराचे भाग नव्हेत असें ठरलें. चित्रपट पाहतां यावेत म्हणूनच ते तसे लावले होते, आणि लावण्याला दुसरा मार्ग नव्हता. सुटी वस्तु घराची झाली आणि ठोकलेली वस्तु माणसाची राहिली!

फ्रान्सच्या १८०४ सालच्या दिवाणी संहितेंत हीच गोष्ट एका छोट्या नियमांत आली आहे. पुतळा मोडतोड न करतां उचलतां येत असला, तरी ज्या कोनाड्यांत तो ठेवला आहे तो कोनाडा मुद्दाम त्याच्यासाठींच केलेला असेल, तर पुतळा स्थावरांत मोडतो. आपल्या जुन्या घरांतून वावरलेल्या माणसाला हा नियम समजावून सांगण्याची गरज नाहीं.

आतां या कसोट्या आपल्याच घरांत लावून पाहूं. जुन्या घरांत उखळ जमिनींत पुरलेलें असे आणि पाटा-वरवंटा भिंतीशीं टेकून उभा असे. उखळ घराचें, पाटा-वरवंटा घरधनिणीचा, हें कोणत्याही आजीबाईनें कायदा न वाचतां सांगितलें असतें. अंगणांतील बांधीव वृंदावन घराबरोबर जाईल. कुंडींतली तुळस विकणाऱ्याबरोबर जाईल. तुळईंत पक्क्या बसविलेल्या कड्या घराच्या. त्यांवर टांगलेला झोपाळा मात्र सुटा, आणि एखाद्या म्हाताऱ्या माणसाचें सारें आयुष्य त्याच्यावर गेलेलें असलें, तर तो मागे ठेवून जाण्याची अपेक्षाही कोणी करूं नये. आवारांत रुजलेला आंबा किंवा नारळ जमिनीबरोबर जातो. सौदा ठरल्यावर आणि ताबा देण्यापूर्वीं मालकानें झाड तोडून लांकूड विकणें हें गैर आहे, कारण त्या मधल्या काळांत सामान्य शहाणा मालक जितकी काळजी घेईल तितकी विकणाऱ्यानें घेतलीच पाहिजे, असें याच कायद्याचें ५५ वें कलम सांगतें. महाराष्ट्रांतील शहरांतून तर १९७५ च्या वृक्षसंरक्षणाच्या कायद्याप्रमाणें झाड तोडण्यास परवानगीही लागते.

आजच्या सदनिकेकडे वळलों कीं प्रकरण थोडें अवघड होतें. नळ, वाहतें भांडें, स्नानगृहांतील फरशी, ओटा, भिंतींत बांधून काढलेलीं कपाटें, खिडक्यांच्या लोखंडी जाळ्या यांविषयीं फारशी शंका नसावी, हीं घराचीं. पडदे, गालिचे, शीतकपाट, धुलाईयंत्र, सुटें कपाट हें सामान माणसाचें. मधली पंगत मात्र मोठी आहे. पंखा आंकड्याला टांगलेला असतो. गीझर चार खिळ्यांवर असतो. हवा थंड करणाऱ्या यंत्राचें अर्धें अंग घरांत आणि अर्धें भिंतीबाहेर असतें. नव्या तऱ्हेचें स्वयंपाकघर सुट्या पेट्या जोडून बनविलेलें असतें. लंडनमधील चेल्सी भागांतल्या एका गहाण सदनिकेबाबत १९९६ सालीं तेथील अपील न्यायालयानें अशा वस्तूंचा एकेक करून विचार केला. स्नानगृहांतील नळ व जोडण्या आणि स्वयंपाकघरांतील बसविलेलीं कपाटें घराचीं ठरलीं. गालिचे, पडदे, दिव्यांच्या जोडण्या आणि शीतकपाटासारखीं यंत्रें घराचीं नव्हेत असें ठरलें. हा निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाहीं. परंतु शहाण्या न्यायाधीशांनाही एकाच घरांतील वस्तूंचे दोन ढीग किती सावधपणें करावे लागले, हें त्यावरून दिसतें. गीझरसाठीं ज्याला असा निवाडा हवा असेल, त्याचा वकिलाचा खर्च गीझरच्या किमतीच्या किती पट होईल, याचा हिशेब त्यानेंच करावा.

येथें भाडेकरूची गोष्ट निराळी, हें सांगितलें पाहिजे; कारण विकणारा मालक आणि सोडून जाणारा भाडेकरू यांना लोक एकच नियम लावूं पाहतात. इंग्लंडांत जुनें तत्त्व असें होतें कीं, जमिनीस जें जोडलें तें जमिनीच्या मालकाचें झालें. आपल्या देशाच्या रूढीला हें तत्त्व जसेंच्या तसें मान्य नाहीं, असें कलकत्त्याच्या उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानें १८६६ सालींच सांगितलें होतें. पुढें १८८२ च्या कायद्याच्या १०८ व्या कलमानें भाडेकरूला मोकळीक दिली. जागा ताब्यांत असेपर्यंत त्यानें स्वतः बसविलेल्या वस्तू त्याला काढून नेतां येतात. अट एवढीच कीं, जागा मिळाली होती त्या स्थितींत परत केली पाहिजे. म्हणजे तेंच कपाट भाडेकरूनें बसविलें असेल तर तो तें नेऊं शकतो, आणि मालकानें बसवून मग घर विकलें असेल तर तो तें नेऊं शकत नाहीं. यांत विसंगति नाहीं. भाडेकरू आज ना उद्यां जावयाचाच असतो. मालक घराला कांहीं जोडतो तें घर आपलें समजून जोडतो.

कांहीं वस्तू अशाही असतात कीं त्या विकणाऱ्याच्या नसतातच. स्वयंपाकाच्या गॅसची टांकी आणि तिची कळ गॅस कंपनीची असते. विजेचें मीटर वीज कंपनीचें. जिना, गच्ची, पाण्याचा पंप हीं संस्थेच्या सर्व सभासदांचीं. इमारतीखालील खांबांमधली गाडी ठेवण्याची जागा बांधकाम करणाऱ्यानें स्वतंत्र मालमत्ता म्हणून विकूं नये, असें सर्वोच्च न्यायालयानें मुंबईंतील एका प्रकरणांत २०१० सालीं ठरविलें. तेव्हां "हें सर्व तुमचेंच" असें विकणाऱ्यानें हात फिरवून सांगितलें, तरी ‘हें’ म्हणजे काय, हें घेणाऱ्यानें नम्रपणें विचारून घ्यावें.

एक सावधगिरीची सूचनाही येथेंच करतों. मुद्रांक शुल्क वाचविण्यासाठीं घराची किंमत कमी दाखवून उरलेली रक्कम ‘फर्निचर’ म्हणून वेगळ्या पावतीवर लिहिण्याची युक्ति कित्येकांना सुचते. सुटें सामान खरोखर विकलें असेल, तर त्याची वेगळी पावती करण्यांत कांहींच वावगें नाहीं. परंतु पक्क्या बसविलेल्या वस्तूंना सुटें सामान म्हटल्यानें त्या सुट्या होत नाहींत. उत्तर प्रदेशांतील एका खत-कारखान्याच्या विक्रींत यंत्रें जंगम म्हणून वेगळीं दिलीं, असा दावा होता. सर्वोच्च न्यायालयानें २००० सालीं तो फेटाळला. यंत्रें कायमच्या उपयोगासाठीं जमिनींत बसविलेलीं आहेत, सबब तीं स्थावर, आणि त्यांवरही शुल्क देणें प्राप्त आहे, असा निर्णय झाला. कारखान्याच्या यंत्राला जी कसोटी लागली, तीच घरच्या कपाटाला लागते.

येथवर नेलेल्या वस्तूंविषयीं बोललों. मागे टाकलेल्या वस्तूंचा तंटाही कमी नसतो. माळ्यावरील मोडक्या खुर्च्या, गंजलेले डबे, जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे आणि रिकाम्या बाटल्या नव्या मालकाच्या गळ्यांत बांधून जाणारे महाभाग पुष्कळ आहेत. सुटें सामान घराबरोबर विकलें जात नाहीं, हा नियम येथें उलट्या बाजूनें लागू पडतो: नेण्याचा हक्क ज्याचा, उचलण्याची जबाबदारीही त्याचीच. मात्र रागाच्या भरांत तें रस्त्यावर फेकून देऊं नये. ठराविक मुदत देऊन लेखी कळवावें, आणि मगच विल्हेवाट लावावी. विसरून राहिलेली वस्तु मोलाची असेल, तर अधिकच जपावें. फडताळाच्या खणांत एखादा दागिना सांपडला, तर घराबरोबर तो आपला झाला असें समजूं नये. सांपडलेली वस्तु स्वतःजवळ ठेवून घेणाऱ्यावर ती विश्वासानें सोंपविलेल्या ठेवीप्रमाणें जपण्याची जबाबदारी येते, असें १८७२ च्या करारविषयक कायद्याचें ७१ वें कलम आहे.

आतां मुख्य सांगणें. वर ज्या ८ व्या कलमाचा उल्लेख केला, त्याच्या आरंभींच एक अट आहे: निराळा हेतु उघड केलेला किंवा अपरिहार्यपणें सूचित झालेला नसेल, तरच पुढचा नियम लागू. म्हणजे कायदा दोघांच्या मौनाचा अर्थ लावण्यासाठीं आहे. ज्यांनीं बोलून ठरविलें, त्यांच्या तो आड येत नाहीं. विकणाऱ्याला झुंबर न्यावयाचें असेल तर खुशाल न्यावें. घेणाऱ्याला शीतकपाटासकट घर हवें असेल तर खुशाल घ्यावें. फक्त तें आधीं बोलावें, आणि बोललेलें लिहावें.

इंग्लंडांत यासाठीं वकिलांच्या ‘लॉ सोसायटी’नें एक छापील तक्ताच सिद्ध केला आहे. विकणारा एकेका वस्तूपुढें ‘ठेवणार’ कीं ‘नेणार’ अशी खूण करतो. दिवा काढून नेला, तर त्या जागीं साधी जोडणी, बल्बची बैठक आणि एक बल्ब लावून ती जागा सुरक्षित ठेवावी, असाही दंडक त्यांत आहे. किती साधी गोष्ट! नव्या घरांत पहिल्याच संध्याकाळीं अंधारांत बसण्याची पाळी कोणावर येऊं नये, एवढाच तिचा अर्थ.

आपल्याकडे असा तक्ता रूढ नाहीं. परंतु तो करण्यास छापखान्याची गरज नाहीं. साठेखत करण्यापूर्वीं दोन्ही पक्षांनीं मिळून घरांतून एक फेरी मारावी, आणि दारापासून सज्जापर्यंत एकेका खोलीची याद करावी. संख्या लिहावी, बनावट लिहावी. ‘पंखे’ असें न लिहितां ‘पंखे चार’ असें लिहावें, नाहींतर चांगले पंखे जाऊन त्यांच्या जागीं जुने येतात, आणि शब्द तेवढा पाळला जातो. नेणार, ठेवणार आणि वेगळ्या किमतीस देणार, असे तीन स्तंभ पुरे. वस्तु काढल्यावर भिंत कोण बुजविणार, हेंही त्यांत यावें. याद साठेखतास जोडून दोघांनींही तिच्यावर सह्या कराव्या. छायाचित्रें काढून ठेवावीं. किमतींतील थोडी रक्कम ताब्याच्या दिवशीं, याद पडताळून झाल्यावरच द्यावयाची, असें आधींच ठरवून घ्यावें. आणि ताबा दिवसाउजेडीं, दिवे-पंखे लावून, नळ सोडून पाहून घ्यावा. दलालाच्या तोंडी आश्वासनावर विसंबूं नये. घर दाखवितांना त्याच्या तोंडीं सर्व वस्तू घराच्या असतात, आणि तंट्याच्या वेळीं त्याला एकही आठवत नाहीं.

अशी याद मागणें म्हणजे समोरच्याच्या प्रामाणिकपणावर संशय घेणें, असा एक संकोच आपल्या समाजांत आहे. लग्नाच्या याद्या करतांना मात्र तो आडवा येत नाहीं! तेथें आपण नारळापासून सर्व लिहून काढतों, कारण मागाहून रुसवेफुगवे नकोत. घराच्या व्यवहारांत एक कुटुंब आपला संसार उचलीत असतें आणि दुसरें तेथेंच मांडीत असतें. दोघांच्याही मनांची स्थिति त्या दिवसांत हळवी असते. विकणाऱ्याला आपण काय ठेवून जात आहों हें आधीं ठाऊक असावें, आणि घेणाऱ्याला आपण कोठें पाऊल टाकीत आहों हें आधीं ठाऊक असावें. त्यासाठीं लागतो एक कागद आणि अर्ध्या तासाचें मोकळें बोलणें.